काचेला चिकटलेला चुन्याचा दाणा

मी चुनखडकातला एक गोल दाणा बोलतोय. जाणकार मला ऊइड म्हणतात. मोहरीहून लहान आहे, पण आत्ता जीव मुठीत धरून बसलोय, म्हणून घाईत सांगतो.

शिंपल्याच्या एका कपच्याभोवती माझा जन्म झाला. उथळ, कोमट समुद्रात लाटा मला लोळवायच्या आणि पाण्यातला चुना अंगावर थरावर थर चढायचा. लोळणं थांबलं की धाकधूक व्हायची. पडून राहणाऱ्याला चहूबाजूंनी सारखा थर मिळत नाही.

मग गाळाखाली गाडला गेलो. वरचा भार वाढत होता, चिरडणारच होतो. पण आम्हा दाण्यांमधल्या फटींत झिरपलेल्या पाण्यातला चुना आधीच घट्ट झाला आणि त्याने आम्हाला सांधलं. म्हणून गोल राहिलो. माझा शेजारी मात्र पुढे झिरपत्या पाण्यात विरघळला.

युगं गेली. खाणीतून मी या प्रयोगशाळेत आलो. इथे दगडाची चकती काचेला चिकटवतात आणि ओल्या, खरखरीत भुकटीवर घासून इतकी पातळ करतात की आरपार उजेड यावा. मला करवतीने कापलं आणि चिकटवलं ते इथे काम करणाऱ्या एका दादाने. "नीट बस रे ढब्ब्या," म्हणाला होता. घरी जाताना त्याला ट्रकने उडवलं.

आता घासायला त्याचा धाकटा भाऊ बसलाय. "दादाच्या हातचं शेवटचं काम मीच पुरं करणार," हा त्याचा हट्ट. पण दाबतो असा, की कडेचे दाणे गेलेसुद्धा. पाण्याचं नुसतं दूध झालं.

"अरे, दगडावर कसला राग काढतोस?" प्रयोगशाळेच्या मॅडम ओरडल्या. त्यांनी काच मायक्रोस्कोपखाली ठेवली. "बघ आधी."

तो वाकला. "कांद्यासारखे पापुद्रे आहेत हो याला! आणि शेजारी हा खड्डा? मी पाडला?"

"नाही रे. तिथला दाणा कधीच विरघळला. भोवतीचं घट्ट होतं, म्हणून त्याची जागा तेवढी राहिली."

तो मायक्रोस्कोपवरचा डोळा काढेना.

"मॅडम, राहू द्या ना असंच. एवढंच उरलंय त्याचं."

"अजून जाड आहे, राजा. असं ठेवलंस तर दादाचं काम अर्धवट राहील. जास्त घासलंस तर काहीच राहणार नाही."

त्याने काच पुन्हा उचललीय. भुकटीवर टेकवतोय.

बाळा, घास. मी नाही म्हणत नाही. पण आधी डोळे पूस. रडताना बोट जड पडतं, आणि माझ्यात आता फारसं काही उरलेलं नाही.