लूशियसची तबकडी

अर्लीथाने इस्त्री उभी करून ठेवली आणि जिन्याकडे कान दिला. वर मार्जरीच्या खोलीत तबकडी लागली होती, आणि गाणारा आवाज तिच्या पोटच्या पोराचा होता.

अमेरिकेतल्या मेम्फिसमधल्या या गोऱ्या कुटुंबात ती एकोणीस वर्षं राबत होती. मार्जरी तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. अर्लीथाचा लेक लूशियस गोदामात पेट्या उचलायचा, रविवारी चर्चमध्ये गायचा. त्याची पहिली तबकडी महिन्यापूर्वी, एकोणीसशे पासष्टच्या ऑगस्टात निघाली. घरी आणली ती मात्र कोऱ्या पाकिटात. "कव्हर छापायचं राहिलंय, आई," म्हणाला होता.

ती वर गेली. मार्जरी पलंगावर पालथी पडून ऐकत होती.

"मिस मार्जरी, हा माझा लूशियस गातोय."

"काहीतरीच तुझं, अर्लीथा." मार्जरी हसली. "हा बघ, हा गातोय."

तिने कव्हर पुढे केलं. समुद्रकाठी सोनेरी केसांचा एक गोरा पोरगा आणि त्याच्या खांद्यावर मान टाकलेली गोरी पोरगी. लूशियस आपल्याशी खोटं का बोलला, ते अर्लीथाला आत्ता कळलं. काळ्या गायकाचा चेहरा गोरे विकत घेणार नाहीत, म्हणून कंपनीने गोरे चेहरे छापले होते.

"खाली नाव वाचा."

"लूशियस प्रूइट. मग?"

"मी प्रूइटच आहे."

"तुला आडनाव आहे?" मार्जरीने विचारलं. तिला खरंच नवल वाटलं होतं.

बोलणं ऐकून मालकीणबाई दारात आल्या. त्यांनी कव्हर हातात घेतलं, नाव वाचलं. "तुझा लूशियस? पावसात तुला न्यायला मागच्या दाराशी उभा राहायचा, तो?"

"हो, बाई. तोच."

बाईंनी सुई उचलली. गाणं अर्ध्यावर तुटलं.

"मार्जरी, उद्या हे दुकानात परत देऊन यायचं."

"पण मम्मी, मला आवडतंय ते. सकाळी तुलाही आवडलं होतं."

"सकाळी मला ठाऊक नव्हतं."

अर्लीथा खाली आली. साहेबांचे उरलेले चार शर्ट तिने एकही चुणी न ठेवता संपवले आणि बसने घरी गेली.

लूशियसने घेवडा शिजवून ठेवला होता. तिला वाढता वाढता, तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "आई, तुझ्या त्या घरी माझी गाणी ऐकली का गं कुणी?"

तिने मक्याचा पाव मोडला.

"त्यांच्याकडे तुझी गाणी लागत नाहीत रे," ती म्हणाली. आणि आजपासून ते खरंही होतं.