साडेतीनचा भोंगा

अवधूतने कळ दाबली आणि पडद्यावर तीच तांबडी ओळ चौथ्यांदा उमटली : हात ओळखणारा भाग सापडत नाही.

प्रोग्रामचा तो भाग त्याने स्वतः लिहिला होता. आपल्या लॅपटॉपवर दुरुस्त करून कारखान्याच्या शेडमधल्या संगणकात उतरवलाही होता. तरी संगणकाचे उत्तर बदलत नव्हते.

समोर पत्रे दाबून घडवणारा दोनशे टनांचा प्रेस मुका उभा होता. त्याच्या तोंडाशी अवधूतने प्रकाशकिरणांचा पडदा बसवला होता. किरणांत हात आला की प्रेसने जागच्या जागी थांबावे, अशी योजना. परंतु प्रोग्राम तयार होईपर्यंत तो पडदा आंधळाच होता. मालकांचा निगडीहून निरोप आला होता, की दुसऱ्या पाळीपर्यंत जमले नाही, तर पडदा काढा आणि प्रेस चालू करा.

"साहेब, त्याला च्या पाजा," प्रेसवर काम करणाऱ्या यशोदाबाई पेटीवर बसल्या बसल्या म्हणाल्या. "मघाशी आपुन च्या पिऊन आलो, तवा गुमान ऐकलं त्यानं."

अवधूत हसणार होता, पण थबकला. बाईंचे बोलणे खरे होते. चहापूर्वी काही मिनिटे अडून बसलेली चूक चहानंतर तीच फाईल पुन्हा जतन करताच निवळली होती. तेवढ्या अवधीत दुसरे काय बदलले होते? केवळ वेळ गेला होता.

त्याने दोन्ही फायलींच्या वेळा उघडल्या. संगणकाने बनवलेला जुना तुकडा तीन वाजून नऊ मिनिटांचा. त्यानंतर केलेली दुरुस्ती मात्र तीन वाजून दोन मिनिटांची! त्याने मनगटाकडे पाहिले : तीन वाजून चार. संगणकाच्या कोपऱ्यात : तीन वाजून चौदा.

यंत्र खोटे बोलत नव्हते. जुना तुकडा त्याला दुरुस्तीहून नवा दिसत होता. म्हणून नवा न घडवता तो जुनाच इमानाने जोडत होता. हाती दिलेल्या घड्याळावर त्याची एवढी निष्ठा होती, की पुढ्यात ठेवलेले सत्यही त्याने शिळे मानले होते.

"घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे," असे म्हणून अवधूतने माउसकडे हात नेला. तोच माउसवर दुसरा पंजा येऊन विसावला. त्या पंज्याला तीनच बोटे होती.

"त्याला हात लावू नगा, साहेब," फोरमन दादासाहेब म्हणाले.

"दादासाहेब, दोष तिथंच आहे."

"दोष न्हाई त्यो. म्याच लावलंय पुढं."

सुटीचा साडेतीनचा भोंगा त्याच संगणकाच्या घड्याळावर वाजत असे.

"दुसऱ्या पाळीची बस साडेतीनला येती," दादासाहेब हळू आवाजात सांगू लागले. "भोंगा वाजतो खऱ्या तीन वीसला. मधली दहा मिनिटं प्रेस रिकामा ऱ्हातो. माझी बोटं तीन पंचवीसला गेली, साहेब. हात दमल्यालं, अन् डोळं दाराकडं. बारा वर्सं झाली. तवापासनं सुटीच्या घाईत एक बोट गेलं न्हाई हितं."

"आणि इतर वेळी?"

दादासाहेबांनी मान खाली घातली.

"दोघांची गेली."

"हे घड्याळाचं कुणालाच ठाऊक नाही?"

"आमाला समद्यांना ठावं हाय," यशोदाबाई बांगड्या मागे सारीत म्हणाल्या. "माल पुरा करून देतो अन् भोंगा झाला की उठतो. किती वाजलं, ते कोण इचारत न्हाई."

अवधूतने त्या तीन बोटांकडे पाहिले. मग त्याने माउसवरचा हात मागे घेतला आणि स्वतःच्या लॅपटॉपचे घड्याळ दहा मिनिटे पुढे सारले. दुरुस्ती पुन्हा जतन केली, संगणकात उतरवली आणि कळ दाबली.

तांबडी ओळ उमटली नाही.

प्रेस घरघरू लागला. प्रथम अवधूतने किरणांत लाकडी पट्टी धरली. खाली येणारा अजस्र ठोकळा मध्येच श्वास कोंडल्यागत थांबला. एकदा, दोनदा, दहादा थांबला.

"तीन बोटांचा हात वळखंल का त्यो?" दादासाहेबांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता आपला पंजा किरणांपुढे धरला.

ठोकळा अधांतरी थबकला.

"वळखलं की!" हात खाली घेऊन ते म्हणाले, "आता घड्याळ बरोबर लावा, साहेब. आता त्याची गरज न्हाई."

अवधूत तारा गुंडाळू लागला. इतक्यात भोंगा वाजला.

यशोदाबाई पदर खोचून उठल्या. जाता जाता त्यांनी मिश्कीलपणे विचारले, "किती वाजलं वो, साहेब?"

अवधूतने बाही ओढून मनगट झाकले.

"साडेतीन," तो म्हणाला.