कुलूपबंद पांढरा

कंपनीच्या मोठ्या साहेबांनी सॉफ्टवेअरसाठी पसंत केलेला पांढरा रंग इतका पांढरा होता, की कॉम्प्युटर सुरू केला की कुंडीतली वेल खिडकी सोडून स्क्रीनकडे वळायची. पहिल्यांदा दाखवला तेव्हा खुद्द साहेबांना डोळे मिटावे लागले, आणि मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "वा, काय शोभतोय!" त्यावर अक्षरं चंदेरी. दुधात खडीसाखर शोधावी तशी शोधायची. हा रंग कुणालाही बदलता येऊ नये म्हणून सॉफ्टवेअरला कुलूप हवं होतं. ते छोट्यानं घातलं.

छोट्या म्हणजे चाळिशीचा, पोट सुटलेला, कंपनीत 'सर' म्हणवून घेणारा गृहस्थ. पण आईमागे त्याला ताईनं वाढवलेलं, त्यामुळे घरात तो छोट्याच. ताई इस्पितळाच्या औषध भांडारात बसायची. वॉर्डातून मागणी आली की यादीतलं औषध निवडायचं, की यंत्रातून पुडकं बाहेर. तिच्या डोळ्यांचं दुखणं असं, की उजेडावर अक्षरं विरघळायची. काळ्यावर ठळक पिवळं असलं, की मात्र ती घडाघडा वाचायची. इस्पितळानं छोट्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं आणि काळं-पिवळं गेलं.

"छोट्या, मला तेवढं काळं करून दे रे."

"ताई, सगळ्यांना एकच रंग. वरून हुकूम आहे."

"कुलूप तूच घातलंस ना?"

"घातलं मी. किल्ली साहेबांकडे."

"मग सर कसला तू? नुसता पहारेकरी."

त्यानं साहेबांना भीत भीत विचारलं. साहेब म्हणाले, "आज एकीला काळा दिला, तर उद्या कुणी गुलाबी मागेल. आणि बाईंना दिसत नसेल, तर इस्पितळाला कळवू या का?"

"खबरदार कळवलंस तर," घरी हे ऐकून ताई म्हणाली. "उद्याच घरी बसवतील मला."

त्यानंतर तिनं विषय काढला नाही. सवय झाली असेल, असं म्हणून छोट्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. सवय कसली! तिनं वाचणंच सोडलं होतं. यादीचा क्रम कधी बदलत नाही, हे तिनं हेरलं आणि कुठल्या औषधाला खालचा बाण किती वेळा दाबायचा ते बोटांना पाठ करवलं. मागणी आली की वॉर्डात फोन लावायची. "काय पाठवलंयस ते वाच बघू, तुझा आवाज ऐकून बरं वाटतं." म्हातारी एकटी पडलीय, असं सिस्टर एकमेकींत म्हणायच्या. तिची बोटं इतकी चलाख झाली, की मागणी यायच्या आधीच पुडकं तयार असतं, अशी इस्पितळात बोलवा होती. हे गुपित तिनं छोट्यालाही सांगितलं नाही. दया नको होती तिला.

छोट्याला मात्र आतून टोचत होतं. रंगाला हात लावणं शक्य नव्हतं, पण यादी त्याच्या हातात होती. सलाईन सगळ्यांत जास्त लागायचं आणि होतं पार तळाशी. ताईला शोधायला नको म्हणून एका रात्री त्यानं ते गुपचूप उचलून सगळ्यांत वर ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आपणहून म्हणेल, आज काम हलकं झालं बघ, अशी त्याची आशा.

बाकीची यादी एकेका जागेनं खाली सरकली.

सकाळी खोकल्याच्या माणसाला गॅसचं औषध गेलं आणि तो म्हणे बराही झाला. एका सिस्टरनं जंताच्या गोळ्या हसत परत आणल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनचा एक सुतार होता, त्याला तोवर दुखणं थांबवणाऱ्या इंजेक्शनऐवजी रक्त पातळ करणारं टोचून झालं होतं. सिस्टरनं घाईत पुडकं नीट पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत सुतार रक्तस्रावानं गेला.

चौकशीला कंपनीतर्फे छोट्यालाच बसवलं. डॉक्टरांनी विचारलं, "सॉफ्टवेअरमध्ये काही बदल केला होता?"

साहेब छताकडे बघत होते. "रंग आहे तोच आहे," छोट्या म्हणाला. अक्षरशः खरं होतं ते.

"त्याला कशाला विचारता?" ताई म्हणाली. "मला दिसत नाही. बरेच दिवस झाले."

घरी आल्यावर ती पायातल्या चपलाही न काढता बसून राहिली.

"छोट्या, एकच सांग. यादी हलली होती का? माझी बोटं चुकत नाहीत रे."

त्याला बोटांचं तेव्हा कळलं. तोंडाशी आलेलं त्यानं गिळलं. खरं सांगितलं असतं, तर नोकरी गेली असती आणि सुतार त्याच्या नावावर लागला असता.

"नाही, ताई."

"मग बोटंही गेली म्हणायची," ती म्हणाली, आणि हात मांडीवर उपडे ठेवले.

तिच्यावर खटला उभा राहिला. वकिलालाही ती तेच सांगते. घरात आता ती कशाला हात लावत नाही. दोन डबे पुढं करते आणि विचारते, "यातलं मीठ कुठलं रे?" पायरी आली की थांबते, "संपल्या का?"

छोट्या सांगतो. तो सांगेल ते ती खरं मानते.