ग्वेंडाबाईंच्या तारा आणि दहा बादल्या

ग्वेंडाबाईंच्या हातातल्या दोन तारा एकमेकींवर आडव्या झाल्या आणि शाळेच्या मैदानावरच्या चाळीस टोप्या एकदम पुढे झुकल्या. "लागलं पाणी!" कुणीतरी ओरडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मेंढ्या सोडून अख्खं वॉलाबिन गाव आलं होतं. तीन वर्षं पाऊस नव्हता, आणि शाळेची बोअर कुठं मारायची ते आज ठरत होतं.

जमिनीखालचं पाणी शोधणारा गावाचा पाणाड्या म्हणजे ग्वेंडाबाई. त्याच शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या! तीस वर्षं पोरांना सांगायच्या, "डोळे मिटून विश्वास ठेवू नका," आणि रविवारी स्वतः हँगरच्या तारा वाकवून माळावर फिरायच्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दिवा मात्र स्वतःवर भलताच खूश होता.

"आधी माझं अंग शहारतं," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "मग तारा बोलतात."

सोमवारी विज्ञान मेळ्याचे प्रकल्प ठरत होते. सात वर्षांच्या टॅम्सिनला ज्वालामुखी करायचा होता.

"ज्वालामुखी नको गं, दरवर्षी सहा असतात," बाईंनी नेहमीचा पाढा म्हटला. "छोटा प्रश्न घे. घरातल्याच वस्तू वापर. आणि मोज."

टॅम्सिननं पेन्सिल चावली. "मिस, तुमच्या तारांना पाणी खरंच कळतं का, हा छोटा प्रश्न आहे?"

बाईंना नाही म्हणायचं होतं, पण नियम त्यांचेच.

शुक्रवारी मैदानावर आइस्क्रीमच्या दहा रिकाम्या बादल्या मांडल्या, काहींत पाण्याच्या बाटल्या. झाकणं उघडी असताना तारा दहापैकी दहा वेळा बरोबर. मग बाईंना वर्गात पाठवून बोअरवाल्या डॉब्झनं नाणं उडवत बाटल्या बदलल्या आणि झाकणं लावली.

"काका, आता शेडमागे जा," टॅम्सिन म्हणाली. "तुमचं तोंड सगळं सांगून टाकतं."

दहापैकी चार.

"ऊन फार आहे," बाई म्हणाल्या. पुन्हा केलं. पाच. "बादल्या प्लास्टिकच्या आहेत ना!"

"मघाशीपण प्लास्टिकच्याच होत्या, मिस."

बाईंनी मनगटाकडे पाहिलं. केसभर तिरकं केलं. तारा घसरत जाऊन आडव्या झाल्या. पाणी दिसलं की मनगट कलत होतं, आणि बाई त्याला शहारा म्हणत होत्या.

"मग माझ्या एकोणीस बोअरी? सगळ्यांना पाणी लागलं!"

"ग्वेन, या माळाखाली कुठंही खण, पाणी लागतंच," डॉब्झ म्हणाला. "तुझ्या तारा मात्र कायम झाडाच्या सावलीतच आडव्या होतात. त्या दिवशी ज्या झाडाखाली झाल्या, तिथं शाळेच्या संडासाची टाकी आहे."

"आणि तू गप्प बसलास?"

"सांगायलाच आलो होतो. पण टाळ्या वाजत होत्या."

बाईंनी बादल्यांभोवतीच्या पोरांकडे पाहिलं. तेच पाणी ही पोरं प्यायली असती.

बोअर दुसऱ्या टोकाला मारली, भर उन्हात. मेळ्यासाठी प्रकल्पाचा फलक लिहिताना टॅम्सिन अडखळली. "मिस, तुमचं नाव लिहू?"

बाईंना तोंड लपवावंसं वाटत होतं. "लिही," बाई म्हणाल्या. "ठळक लिही."

मग त्यांनी तारा स्वतःच्या हातानं फलकावर चिकटवल्या आणि खाली लिहिलं: 'टाळ्या वाजवण्याआधी झाकण लावून पाहा. जे खरं असेल, ते झाकणाखालीही खरंच निघेल.'