राणीचा हात आणि चॉकलेटचं नाणं

नीनाताईंच्या अंगात क्वीन ॲन आली की ती सगळ्यात आधी आल्याचा चहा मागते.

रविवारी दुपारी इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. दाराशी बुटांचा ढीग, जिन्यावर माणसं, किचनमध्ये माणसं. आणि खिडकीपाशी मखमली खुर्चीत, पैठणी नेसून आणि कोपरापर्यंत पांढरे हातमोजे चढवून, १७१४ साली वारलेली ग्रेट ब्रिटनची राणी बशीत चहा ओतत असते.

“बाळांनो,” राणी घुमत घुमत म्हणते, “मी आले.”

राणी मराठीत बोलते, तेही पुणेरी. इंग्रज राणीला मराठी कसं येतं, असं मी पहिल्याच रविवारी विचारलं होतं. नीनाताईंचे यजमान पद्माकरकाका म्हणाले, “तीनशे वर्षं रिकामी आहे ती, अपूर्व. माणूस काहीतरी शिकतोच.” आमची पोरं इथे पाच वर्षांत मराठी विसरतात, त्यामुळे लोकांना हा खुलासा फार भिडला.

सुरुवात वास्तुशांतीपासून झाली. घर दाखवताना एजंट म्हणाला होता, हे ‘क्वीन ॲन’ घर आहे. पुढे वास्तुशांतीला आलेले गुरुजी म्हणाले, जुनी वास्तू आहे, आधीच्या मालकिणीच्या नावाने एक पान वाढा. नीनाताईंनी क्वीन ॲनच्या नावाने पान वाढलं. वरणभात, बटाट्याची भाजी, पुरणपोळी. लोकांचे हात धुऊन होईपर्यंत राणी अंगात हजर. तीनशे वर्षं इथलं जेवण जेवल्यावर पुरणपोळीसाठी कोण येणार नाही?

राणीकडे दोन खाती होती. पहिलं मंडळाचं. रीडिंगमध्ये पुणेकरांचा गणपती वेगळा, नागपूरकरांचा वेगळा. राणी गरजली, “मी इंग्लंड आणि स्कॉटलंड एक केले, तुमची दोन मंडळं काय चीज आहेत?” मंडळं एक झाली. अध्यक्षपद राणीने ‘या देहाकडे’ ठेवलं. नागपूरकर अजून कुरकुरतात, पण स्कॉटलंडही कुरकुरतंच.

दुसरं खातं गळ्याच्या गाठींचं. जुन्या काळी इथले लोक मानायचे की राजाचा हात लागला की गंडमाळा बरी होते. क्वीन ॲन हा हात लावणारी ब्रिटनच्या गादीवरची शेवटची. रोग्याच्या गळ्यात ती पांढऱ्या रिबिनीत ओवलेलं सोन्याचं नाणं घालायची. नीनाताईंनी ही प्रथा जशीच्या तशी चालू केली. फक्त सोन्याच्या जागी ख्रिसमसला मिळतं ते सोनेरी कागदातलं चॉकलेटचं नाणं आलं. राणी ते गाठीवर ठेवून वरून हात दाबायची, पद्माकरकाका घंटा बडवायचे, हात गरम व्हायचा आणि नाणं मऊ पडायचं.

“बघा,” राणी म्हणायची, “रोग वितळला.”

यावर हसायचं काम मी आवडीने केलं असतं. पण त्या रांगेत माझी आई होती.

आई, म्हणजे सुमन, नागपूरहून माझ्याकडे राहायला आली आणि तिच्या मानेवर गाठ आली. तपासण्या झाल्या. गाठीचा टीबी निघाला, म्हणजे जुनी गंडमाळाच. चेस्ट क्लिनिकमधल्या एला नावाच्या नर्सने गोळ्या सुरू केल्या आणि बजावलं, “बरं वाटलं तरी थांबायचं नाही. मध्येच सोडल्या तर आजार उलटतो, आणि मग याच गोळ्या चालेनाशा होऊ शकतात.” आईने मान डोलावली. मंडळात मात्र थायरॉइड सांगितलं. आमच्याकडे थायरॉइड चारचौघांत सांगता येतो. टीबी सांगितला की लोक तुमचा कप वेगळा काढतात.

दोन महिने गोळ्या घेतल्यावर गाठ बसायला लागली. नेमकी त्याच सुमारास आई राणीकडे गेली. आणखी तीन रविवारांनंतर ती मला म्हणाली, “गोळ्या मी बंद केल्यात. गाठ बघ किती उतरली. राणीच्या हातात आहे हं काहीतरी.”

“आई, गाठ गोळ्यांनी उतरली.”

“गोळ्यांनी लघवी केशरी होते, बाकी काही नाही. तुला कशावरच विश्वास नसतो. नोकरीच तसली.”

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेतो. नोकरीबद्दल तिचं बरोबर होतं. माझं ती ऐकणार नव्हती, म्हणून मी ताईला फोन लावला.

माझी मोठी बहीण अक्षया कॉव्हेंट्रीच्या एका शाळेत केमिस्ट्री शिकवते. हाफ टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी लागताच ती आली आणि रविवारी आमच्याबरोबर रांगेत उभी राहिली. राणीने तिच्या मानेवर नाणं ठेवलं. घंटा वाजली. परत येऊन ताई माझ्या कानात म्हणाली, “घंटेच्या आवाजाआड एक टिक्‌ आहे. ऐकलीस?”

“नाही.”

“माझी नववीची पोरं दर हिवाळ्यात बाकाखाली हीच टिक्‌ करतात.”

ती पुन्हा पुढे गेली. “राणीसाहेब, तुमच्या दरबारात हाताचं चुंबन घ्यायची पद्धत होती ना? परवानगी असावी.”

राणी खूश झाली. तिने हात पुढे केला. ताई गुडघ्यावर बसली, हात दोन्ही हातांत धरला, वाकली आणि हातमोज्याच्या तळव्यातून एक छोटी पारदर्शक पिशवी अलगद बाहेर ओढली. आतलं मीठ गोठून पांढरं झालं होतं. पिशवीवर बारीक अक्षरांत छापलं होतं: मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये.

“हँड-वॉर्मर,” ताई म्हणाली. “आत मिठासारखा एक पदार्थ पाण्यात विरघळवलेला असतो. पत्र्याची ही टिकली दाबली की तो गोठायला लागतो आणि गोठताना उष्णता सोडतो. चॉकलेट वितळायला एवढी पुरे. उकळत्या पाण्यात टाकली की पिशवी पुढच्या रविवारी तयार.”

पद्माकरकाकांनी सवयीने एकदा घंटा वाजवली.

“राणीला थंडी वाजते,” नीनाताई म्हणाल्या. आवाज राणीचाच होता, पण घुमणं थांबलं होतं.

“साहजिक आहे,” ताई म्हणाली. “ घर तिचं नाही ना. ती गेल्यावर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी अशी घरं बांधायची फॅशन आली, त्या फॅशनला नाव तेवढं राणीचं दिलं. आणि खऱ्या राणीला संधिवाताने धड चालता येत नव्हतं. राज्याभिषेकाला तिला खुर्चीतून उचलून नेलं. सतरा गरोदरपणं, आणि एकही मूल मोठं झालं नाही. त्या हातात काही असतं, तर तिने आधी आपल्या लेकरांवरून फिरवला असता.”

“ते सगळं खरं असेल,” मागून मंजिरी म्हणाली. तिच्या गळ्याला गाठ होती आणि ती अजून डॉक्टरकडे गेली नव्हती. “पण सुमनकाकूंची गाठ कमी झाली. ती आम्ही डोळ्यांनी पाहिली. ती काय पिशवीने झाली?”

याचं उत्तर ताईला ठाऊक होतं आणि मलाही. पण ते सांगायचा हक्क आमचा नव्हता. आम्ही दोघांनी आईकडे पाहिलं नाही. फार कठीण जातं ते.

आईने पदर मानेवरून बाजूला केला.

“थायरॉइड नाहीये मला,” ती म्हणाली. “टीबी आहे. इथे यायच्या आधी दोन महिने रोज गोळ्या घेत होते. गाठ त्यांनीच उतरवली. मी तुम्हाला गोळ्यांचं सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला राणीचं वाटलं. नंतर मलाही तसंच वाटायला लागलं.”

शेजारच्या बाईंनी खुर्ची हळूच सरकवली.

“सरकू नका, मानेतला आहे. तो असा पसरत नाही, नर्सने सांगितलंय,” आई म्हणाली. मग ती मंजिरीकडे वळली. “तू उद्या जीपीच्या दवाखान्यात फोन कर. सकाळी आठला लाइन उघडते. मी बसते तुझ्याबरोबर. एकटीला कंटाळा येतो, लाइनवर थांबवून फार वेळ म्युझिक ऐकवतात.”

नीनाताई हातमोजे काढत होत्या. “मला वाटायचं, लोकांना बरं वाटतंय तर काय बिघडलं,” त्या म्हणाल्या. या वेळी आवाज त्यांचाच होता.

काय बिघडलं ते सोमवारी कळलं. मध्ये खंड पडल्यामुळे डॉक्टरांनी आईचा कोर्स पहिल्यापासून सुरू केला. एला रागावली नाही. तिने फक्त विचारलं की थांबायचं कोणी सांगितलं. आईने खरं सांगितलं: क्वीन ॲनने. एलाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणालो. नर्सच्या नोकरीत तिने बरंच पाहिलं असावं, कारण तिने लगेच रक्तदाब मोजायला घेतला.

खऱ्या राणीने हात लावलेले काही लोक त्या काळीही बरे झाले असतील, कारण हा आजार कधीकधी आपोआप दबतो. बरे झालेले नाणं मिरवत फिरले. मेलेले तक्रार करायला आले नाहीत. अशा मोजणीत प्रत्येक हात चमत्कारी ठरतो, माझासुद्धा. तिच्यानंतरच्या राजाने हे हात लावणं बंद करून टाकलं. त्यामुळे आजार वाढला नाही आणि घटलाही नाही. तो हटला तो पुढे दोनशेहून अधिक वर्षांनी, औषध सापडल्यावर.

म्हणून सांगतो. कोणी हात लावून बरं केलं असं ऐकलंत, तर तो माणूस त्याच वेळी आणखी काय घेत होता ते विचारा. आणि तुम्ही स्वतः काही घेत असाल, तर लाजू नका, सांगा. तुमच्या गप्प बसण्यावर कोणाचंतरी सिंहासन उभं राहतं. आजारी माणसाचा हात जरूर धरा, त्याला बरं वाटतं. पण आधी त्या हातावर गोळी ठेवा.