एकतीस नंबरची गाठ

सिस्टरांच्या मठाचे कपडे धुवायला आमच्या भट्टीवर येतात त्याला बावीस वर्षं झाली. मला सही जेमतेम येते, पण मठातल्या खोल्यांची लॅटिन नावं झोपेतून उठवून विचारा, सांगेन. प्रत्येक पोत्यावर नावाची पट्टी असते. रेफेक्तोरियुम म्हणजे जेवणघर, तिथले रुमाल. चेल्ला म्हणजे एकेकीची कोठडी, तिथल्या चादरी. दारावरच्या सिस्टरला, म्हणजे जाळीआडून बोलते तिला, मी एकदा विचारलं, "आणि अख्ख्या मठाला काय म्हणता?"

"मोनास्तेरियुम. एकटं राहण्याची जागा."

"चाळीस जणी राहता की."

"म्हणून चेनोबियुमही म्हणतात. एकत्र राहण्याची जागा."

"मग आमचंही चेनोबियुमच. तीन सुना, एक न्हाणीघर."

ती हसली. हसायला बंदी नसावी.

क्लाउस्ट्रुम हा शब्द आतल्या दारावर कोरलाय. तो मला त्या दारानंच शिकवला. त्यापलीकडे बाहेरचं माणूस जात नाही, आई असली तरी. माझी धाकटी लेक सहा वर्षांपूर्वी त्या दारातून आत गेली, सिस्टर व्हायला, मला न विचारता. पोती पोचवायला मीच तिला तिथं पाठवायची. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, आणि तो दांडा मी. सगळं ठरवून झाल्यावर सांगायला आली तेव्हा म्हणाले, "गेलीस तर मला मेलीस."

ती म्हणाली, "चादरी तुझ्याकडेच येतील ना?"

आतून चिठ्ठी पाठवायची सोय नाही. पण पहिल्याच सोमवारी तिच्या एकतीस नंबरच्या चादरीच्या कोपऱ्याला गाठ आली. दुहेरी, डावखुरी. लहानपणी बुटाच्या नाडीला मारायची तीच.

धाकटी सून म्हणाली, "आई, वन्संची गाठ आहे. तुम्हीही एक मारून पाठवा."

"गाठ सोडायची आणि कपडा उकळायचा. आपलं काम तेवढंच."

दर सोमवारी गाठ यायची. मी सोडायची आणि चादर कडक इस्त्री करून कोरी परत पाठवायची. घडीसुद्धा अशी घालायची की कोरा कोपरा वर यावा, तिला नीट दिसावा. सहा वर्षं.

गेल्या महिन्यात एकतीस नंबर चेल्लाच्या पोत्यात नव्हता. सापडला इन्फर्मारियाच्या पोत्यात. ती आजाऱ्यांची खोली, तिथले कपडे आम्ही वेगळे उकळतो. गाठ होती, पण एकेरी. हात लावताच सुटली.

धुऊन वाळवलेली चादर घेऊन मी मठात गेले. "आत सोडा."

"नियम आहे, मावशी."

"नियमाला आई नसते का?"

सिस्टर मदरना विचारून आली. नाही म्हणाल्या. तिच्यासाठी प्रार्थना चाललीय म्हणाल्या.

"प्रार्थना तुमचं काम. माझं काम चादरीचं."

"चादर द्या, मी नेते."

बाकावर बसून मी कोपऱ्याला गाठ मारली. माझा हात उजवा, तिच्यासारखी जमेना. सोडली, पुन्हा मारली. कोपरा वर येईल अशी घडी घातली. "नुसती अंथरू नका. हातात द्या तिच्या."

"हातातच देते," सिस्टर म्हणाली.

सोमवारी पोतं आलं. चादरीची घडी मोडलेली नव्हती. गाठ माझीच, मी मारली तशी.

थोरला मुलगा म्हणाला, "आई, ही तर धुतलेलीच आहे."

"इन्फर्मारियात कुणी देवाघरी गेलं की खाटेवरचं सगळं उकळायला येतं. वापरलेलं, न वापरलेलं."

धाकटी सून भट्टीशेजारी खालीच बसली. म्हणाली, "गाठ सोडू?"

"हात लावू नकोस."

पुढच्या खेपेला दारावरच्या सिस्टरनं पोती तपासली. "मावशी, एकतीस नंबरची चादर नाही."

"भट्टीत जळाली."

बावीस वर्षांत आमच्या भट्टीत एक रुमालही जळालेला नाही. हे मी गावभर सांगत आले, तिलाही दहादा सांगितलंय. तिनं जाळीतून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जळते कधीकधी."