छगनची हाक आणि माझी बारीक गाळणी

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी रिसीव्हर आहे. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या बन्सीलालनं एकोणीसशे अडतीस साली सागवानी पेटीत माझे काचेचे व्हॉल्व्ह आणि तारा स्वतःच्या हातानं बसवल्या. गावात वीज नव्हती. माझी बॅटरी बैलगाडीतून नंदुरबारच्या कापसाच्या जिनात जाऊन भरून यायची. असा माझा थाट!

माझा खरा गुण म्हणजे माझा फिल्टर, आवाजाची गाळणी. बटण पिळलं की ती बारीक होई, खरखर बाहेर राही आणि तारेच्या सांकेतिक भाषेतली अगदी क्षीण पीं-पींही ऐकू येई. बन्सीलालचा धाकटा भाऊ छगन रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होता. दर रविवारी संध्याकाळी तो बिनतारीनं हाक मारायचा. त्यांची माय धनुबाई माझ्यापाशी येऊन बसायची. त्या खुणांतलं तिला अक्षर कळत नसे, पण ठोक्यांच्या लकबीवरून ओळखून म्हणायची, "हाऊ मन्हा छगनना हात शे." हा माझ्या छगनचाच हात! तेवढ्यानं मी फुगून जायचो.

श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचा रविवार आला. तिच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे, ही आमच्याकडची रीत. धनुबाईनं दूरच्या छगनचेही घेतले होते. त्या संध्याकाळी विजा कडाडत होत्या आणि माझ्या पोटात नुसता खडखडाट. बन्सीलालनं गाळणी पार बारीक केली. खडखड थांबली, पण छगनही ऐकू येईना.

"बन्सी, जरासं मोकळं कर ना. पोऱ्या बाजूले उभा ऱ्हाई."

"गप ऱ्हाय ना, माय! मोकळं करं तं काहीच ऐकू येवाव नही."

छगन आला होता हो! माझ्या एरियलच्या तारेवर तो कधीचा थरथरत होता, नेहमीच्या जागेपासून जरासा सरकून. एवढ्या अरुंद गाळणीतून आत येणार कसा? अन् मला मेल्याला तोंड कुठं होतं सांगायला! तासाभरानं बन्सीलालनं मला बंद केलं.

तीन आठवड्यांनी छगनच्या सोबत्याचं, इंद्रसिंगचं पत्र आलं. छगन तापानं गेला होता. त्या रविवारी अंगात ताप असताना तो तासभर हाका मारत होता. बॅटरी उतरल्यामुळं त्याचा सूर सरकला असावा, असं इंद्रसिंगनं लिहिलं होतं. "मायनं माझ्या वाटचा रोट ठेवला का?" एवढंच छगन पुन्हापुन्हा विचारत होता.

बन्सीलालनं पत्र वाचलं आणि तो माझ्या बटणावर डोकं आपटून रडला. पुन्हा त्यानं मला कधी लावलं नाही. मग युद्ध लागलं, बिनतारीचे परवाने रद्द झाले आणि सरकारी माणसांनी माझे व्हॉल्व्ह काढून नेले.

मित्रांनो, क्षीण आवाज ऐकायचा तर गाळणी बारीक करावीच लागते. पण आधी कान मोकळे सोडून, हाक मारणारा कुठं उभा आहे ते शोधा. घरातली म्हातारी काही सांगत असेल तर तिचंही ऐका.

पुढच्या कानबाईला धनुबाईनं सवयीनं छगनची मूठ भरली आणि ती थबकली. ते गहू तिनं माझ्या झाकणावर आणून ठेवले. पेटीवर हात फिरवत म्हणाली, "तू तं ऐकं व्हतं ना रे, भाऊ?"

ऐकलं होतं, माय. सगळं ऐकलं होतं.